पवनीत पत्रांचा पूर

मी एक जुना जंक फोल्डर आहे. लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. फाटकी छत्री, मोडकी खुर्ची, म्हातारा वड यांनी आपली कहाणी सांगितली की तुमचे डोळे पाणावतात. मग माझ्याच वेळी नाक का? छत्रीला निदान काड्या तरी असतात. मला काहीच नाही. ना लाकूड, ना लोखंड, ना झाकण. मी नुसता एक कप्पा. जगात ज्या पत्रांना कुणी दारात उभं करत नाही, ती सगळी मुकाट्याने माझ्यात येऊन पडतात.

माझा जन्म २००५ सालचा, पवनीचा. वैनगंगेच्या काठी एका विणकर संस्थेच्या कचेरीत संगणक आला. त्याला झेंडूचा हार घातला, नारळ फुटला, आणि नारळाचं पाणी उडाल्यामुळे संगणक दोन दिवस उन्हात वाळत पडला. तिसऱ्या दिवशी मंजुषाने त्यावर संस्थेचा ईमेल पत्ता उघडला. मंजुषा ही संस्थेचे अध्यक्ष टेकचंदजी यांची सून. साऱ्या गल्लीत संगणकाची परीक्षा पास झालेली ती एकटीच. तिने बटण दाबलं आणि आम्ही दोन भाऊ एकदम जन्मलो. थोरला इनबॉक्स, धाकटा मी. थोरल्याला पुढची खोली मिळाली, मला मागची.

थोरल्याकडे वर्षभरात सात पत्रं आली. त्यातलं एक मंजुषाने स्वतःच स्वतःला पाठवून बघितलं होतं. माझ्याकडे पहिल्याच आठवड्यात एकवीस! तेव्हापासून थोरला माझ्याशी जरा तुटक बोलतो.

आता टेकचंदजींबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्या दोन सवयींमुळे घडलं. ते हातमागावर साड्या विणत. त्यांच्या साडीला जाळीची किनार असे, कोळ्याने नदीत फेकलेलं जाळं पसरतं तशी. ती किनार पवनीत त्यांच्याच हाताला येत होती, आणि तिच्यासाठी लागणाऱ्या बारीक सुताच्या कांड्या त्यांच्या पत्नी शेवंताबाईच भरू शकत होत्या. संस्थेच्या चौदा मागांपैकी पाच तेवढे चालत होते. बाकीच्यांवर मांजरं झोपत.

त्यांची पहिली सवय म्हणजे आलेल्या पत्राला उत्तर द्यायचंच. त्यांचे वडील साबणाच्या कंपनीच्या छापील जाहिरातीलासुद्धा पोस्टकार्ड टाकत: ‘साबण मिळाला नाही, पण आठवण ठेवलीत, आनंद वाटला.’ दुसरी सवय नदीची. तरुणपणी पुराच्या दिवसांत घाटावर उभं राहून बुडालेल्या पायऱ्या मोजायच्या आणि गल्लीत ओरडत सुटायचं, हे काम टेकचंदजींकडे होतं. ‘सात बुडाल्या!’ ऐकलं की लोक धान्य माळ्यावर चढवत. पुढे वय झालं, घाटावर दुसरा माणूस उभा राहू लागला. पण मोजणं काही सुटलं नाही.

एके सकाळी ते मंजुषाच्या मागे येऊन उभे राहिले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

“हे मागच्या खोलीतले लोक कोन आहेत वं?”

“जंक आहे मामाजी. फालतू पत्रं. पाहाची नसतात.”

“फालतू? लिवणाऱ्यानं काई उगाच लिवलं असन का? वाच.”

मंजुषाने वाचलं. दूरदेशीच्या एका सरदाराची विधवा लिहीत होती, की यजमान वारले, मागे पेट्या भरभरून सोनं आहे, ते सांभाळायला एक प्रामाणिक माणूस हवा आहे.

टेकचंदजी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “लिव. ताई, तुमच्या मालकाचं ऐकून लई वाईट वाटलं. सोन्याचं राहू द्या. तेरवी बरोबर झाली ना? घरात लेकरं किती आहेत?”

“मामाजी, थे बाई नसते. फसवणारे लोक असतात थे.”

“असतीन. पन समज, खरीच बाई असली, तं?”

मंजुषा टाइप करू लागली. कचेरीला लागूनच असलेल्या घरातून शेवंताबाईंचा आवाज आला, “सोनं धाडजा म्हणू नका फक्त. ठेवाले जागा नाई.” आणि त्यांनी बँकेचं पासबुक तांदळाच्या डब्यात घालून डब्यावर वरवंटा ठेवला. तो वरवंटा पुढे कित्येक वर्षं तिथून हलला नाही. फसवणारे थकले.

अशा रीतीने उत्तरं जाऊ लागली. गोळ्या विकणाऱ्याला लिहिलं, ‘आमच्याकडे ती तक्रार नाही, गुडघ्याचं तेल असल्यास कळवावे.’ सोनेरी घड्याळवाल्याला लिहिलं, ‘आमचं भिंतीवरचं बरोबर चालतं. तुमची तब्येत कशी आहे?’ मित्रांनो, फालतू पत्रं पाठवणारे लाखो दारं ठोठावत फिरतात, आणि आतून कुणी नुसती ओ दिली तरी त्या दारावर खूण करून ठेवतात. पवनीच्या दारातून तर ख्यालीखुशाली विचारली जात होती! जगभर बोभाटा झाला असावा. २००६ साली माझ्याकडे रोज चाळीस पत्रं येत. पुढच्या वर्षी नव्वद. २००८ च्या पावसाळ्यात वैनगंगा आणि मी एकदमच चढलो: दोनशे!

हे काही एकट्या पवनीत चाललेलं नव्हतं. तेव्हा साऱ्या जगात धाडलेल्या शंभर पत्रांतली नव्वद फालतू असत, म्हणे. जपानपासून ब्राझीलपर्यंत माझे भाऊबंद फुगत होते. फरक एवढाच, की ते लाजत होते आणि मी गाजत होतो. टेकचंदजींनी कचेरीबाहेर काळा फळा टांगला होता. त्यावर रोज सकाळी खडूने आकडा पडे: ‘पत्रांची पातळी – २०६.’ अड्याळच्या बाजारातून परतणारे लोक सायकल थांबवून विचारत, “काय जी, आज किती?” आकडा वाढलेला असला की अनोळखी माणसंसुद्धा एकमेकांचं अभिनंदन करत. कशाबद्दल, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या आयुष्यातला तो सोन्याचा काळ होता.

पण दोनशे पत्रांना उत्तरं लिहिणार कोण? त्यात भारनियमन. लाइन सकाळी सात ते दहा असायची, मग थेट चारला. शेवटी मंजुषाने कायदा केला: रोज सगळ्यात वरची दहा पत्रं वाचायची, दहांना उत्तर द्यायचं, बाकीची मोजायची आणि सोडायची. आल्या वेळेपासून मोजून तीस दिवस झाले की न वाचलेली पत्रं माझ्यातून आपोआप कायमची पुसली जात. ते माझ्या हातात नाही. मला हातच नाहीत, हे वर सांगितलंच आहे.

आणि मग आला १५ ऑक्टोबर २००८!

त्या दिवशी एकशे नव्वद पत्रं आली. त्यांत दुपारी बाराच्या सुमारास एक पत्र पडताना निराळंच वाटलं. वर ‘अर्जंट’ असं ठळक लिहिलं होतं, पण तसं तर माझ्याकडे प्रत्येकाचंच अर्जंट असतं. आत बघतो तर काय, पत्र चक्क मराठीत होतं! इंग्रजी अक्षरांत, सगळी मोठ्या लिपीत, दर ओळीला तीन तीन उद्गारचिन्हं. मॉरिशस बेटावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी मंडळींतल्या सुलोचनाबाई लिहीत होत्या. त्यांच्या एका पाहुणीने नागपूरच्या प्रदर्शनातून जाळीच्या किनारीची साडी, संस्थेच्या ईमेल पत्त्याच्या चिठ्ठीसकट, नेली होती. ती पाहून त्यांच्या मंडळातल्या बायका वेड्या झाल्या होत्या. गुढीपाडव्याला बेचाळीस जणींना तशीच साडी नेसायची होती, नऊवारी. नोव्हेंबरच्या वीस तारखेपर्यंत होकार कळवा, नाहीतर नाइलाजाने यंत्रावरची घेऊ, असं शेवटी होतं.

खरं पत्र! माझ्या पोटात! फालतू पत्रं वेगळी काढणारी एक चाळणी आमच्या दारात असते, तिला मराठी कळली नाही. परदेशातून आलेला कसला तरी आरडाओरडा समजून तिने पत्र माझ्याकडे लोटून दिलं होतं. मी थोरल्या भावाला म्हटलं, “अरे, हे तुझं आहे, घे.” तो म्हणाला, “वरून आदेश नाही.”

चारला लाइन आल्यावर मंजुषाने वरची दहा वाचली. सुलोचनाबाई अठ्ठाविसाव्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर आणखी दोनशे पत्रं येऊन पडली. तिसऱ्या दिवशी चारशे. एक पत्र बुडत चाललं होतं आणि बाहेर फळ्यावर पातळी वाढली म्हणून लोक हसत होते. पहिल्यांदाच मला माझ्या मोठेपणाची लाज वाटली.

त्यातच हेमराज आला. हेमराज म्हणजे संस्थेचा सचिव. तरुण, कामसू, आणि बोलायला लागला की समोरच्याला खुर्ची शोधायला लावणारा. त्याने १५ नोव्हेंबरला, शनिवारी, सभा बोलावली होती. विषय एकच: माग उचलून टाकायचे आणि हॉल धानाच्या गोदामाला द्यायचा.

“काकाजी, रोजची दोनशे पत्रं येऊन राहिली,” तो म्हणाला, “अन् साडी एकानं तरी मागतली का?”

“मागन ना. दोनशेत एक तं खरं असनच.”

“तीन वर्षं झाले आयकून राहिलो. शनिवारपर्यंत एक ऑर्डर दाखवा. माग मी सोता पुसून देतो. नाई तं धानाचे पोते येतीन.”

टेकचंदजी मागाजवळ गेले, आडवं सूत ओवणारा धोटा उचलला, पुसला आणि परत जागेवर ठेवला. मी ओरडत होतो, “अहो, आहे! माझ्याकडे आहे! तळाकडे बघा!” जंक फोल्डरच्या ओरडण्याला आवाज नसतो, मित्रांनो.

बुधवार, १२ नोव्हेंबर. सकाळी सातला लाइन आली. मंजुषाने मोजलं, डोळे चोळले, पुन्हा मोजलं.

“मामाजी… एकसष्ट.”

“दोनशे एकसष्ट?”

“नाई जी. नुसते एकसष्ट!”

टेकचंदजी खडू हातात धरून तसेच उभे राहिले. एका रात्रीत एवढं पाणी उतरताना त्यांनी नदीलासुद्धा पाहिलं नव्हतं. गल्लीत बोंब झाली. कुणी म्हणे टेलिफोनची तार उंदराने खाल्ली. कुणी म्हणे परदेशात काहीतरी सुट्टी असेल. खरं कारण आठवड्याभराने पेपरात आलं: तिकडे अमेरिकेत एका कंपनीच्या यंत्रांची जोडणी तोडून टाकली होती, आणि जगभरातल्या फालतू पत्रांचा मोठा हिस्सा त्या यंत्रांच्या जोरावर निघत होता. एक तार निघाली आणि साऱ्या जगाची पातळी धाडकन खाली आली. इतर देशांत त्या दिवशी आनंदीआनंद झाला. पवनीत सुतक पडल्यासारखं वाटत होतं.

“रुसले,” टेकचंदजी म्हणाले.

“कोन?”

“लोक. आपन दहा जनाईले उत्तर दिलं, बाकीच्याईले तसंच ठेवलं. कोनी किती दिवस लिवन मंग? चाल मंजुषा. जेवढे राहिले तेवढ्या साऱ्याईले आता उत्तर द्याचं.”

“मामाजी, पाच हजारावर आहेत थे!”

“तं लवकर सुरू कर.”

“वरतून करू?”

इथे माझा श्वास अडकला. मला श्वास नाही, तरी अडकला. कांडी भरता भरता शेवंताबाईंनी मान वर केली.

“वरतून कायले? पंगतीत ज्याले लई वेळ ताटकळत बसा लागलं, त्याले पयले वाढा ना. खालतून करा.”

मित्रांनो, मी आजवर हजारो मालकांच्या गोष्टी ऐकल्या आहेत. साऱ्या जगात जंक फोल्डरच्या तळापासून, पाळीपाळीने, माफी मागत उत्तरं लिहायला बसलेलं दुसरं घर मला माहीत नाही.

बुधवार १३ ऑक्टोबरच्या पत्रांत गेला. गुरुवारी त्यांनी १४ ऑक्टोबरची पत्रं घेतली. प्रत्येक उत्तराची सुरुवात ‘उशीर झाला, राग मानू नये’ अशी. दिवसभर दोन्ही वेळची लाइन वापरून जेमतेम पन्नास झाली. उरलेली रात्रीपर्यंत एकेक करून पुसली गेली. आता सगळ्यात तळाशी १५ ऑक्टोबर होता, आणि सुलोचनाबाईंच्या पत्राला एकच सकाळ उरली होती. दुपारी बाराला त्याचे तीस दिवस भरत होते, चारच्या लाइनीपर्यंत ते टिकणार नव्हतं. त्याच्या आधी अजून चाळीसेक पत्रं होती.

शुक्रवारी सात वाजता संगणक सुरू झाला. मंजुषाची बोटं धोट्यासारखी इकडून तिकडे पळत होती. शेवंताबाई बाजूला बसून “आटप वं, आटप” म्हणत होत्या. नऊपर्यंत वीस झाली. साडेनऊला तीस. तेवढ्यात हेमराज हॉलची मापं घ्यायला टेप घेऊन आला.

“हे काय करून राहिले काकाजी?”

“हिशोब नाई रे बापा, माफी मागून राहिलो. टेपचं एक टोक तिकडं धर अन् चूप बस.”

दहाला दहा मिनिटं होती. सुलोचनाबाईंच्या आधी आता एकच पत्र उरलं होतं, टकलावर केस उगवणाऱ्या तेलाचं. आणि नेमकं तिथेच टेकचंदजी रेंगाळले.

“त्याले इचार, हे तेल डोक्यालेच लावाचं का पायालेबी चालते.”

“पायाले कायले, मामाजी?”

“गुडघ्यावर केस आले तं थंडी कमी वाजन.”

अहो टेकचंदजी! ते टक्कल सोडा! मी असा तळमळलो की माझ्यातली हजारो पत्रं हलली असतील. निदान मला तसं वाटलं. मंजुषाने गुडघ्यांचा प्रश्न नीट, सविस्तर लिहिला. दहाला पाच. मग पुढचं पत्र उघडलं.

ती वाचायला लागली आणि थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, यावेळी मोठ्याने. “तुमची साडी आम्हाला फार फार आवडली…” हेमराजच्या हातातली टेप सर्रकन गुंडाळली गेली. ‘बेचाळीस’ या शब्दाला शेवंताबाईंच्या मांडीवरची कांडी घरंगळत दारापर्यंत गेली. कुणी उचलली नाही.

“मामाजी, काय लिहू? लाइन जाईन आता!”

सोनेरी घड्याळवाल्याची तब्येत विचारणारा तो माणूस, सरदाराच्या विधवेला दोन पानं लिहिणारा, तेलवाल्याशी गुडघ्यांवर चर्चा करणारा, त्याच्या तोंडून आता शब्द फुटेना. शेवंताबाई ओरडल्या, “अवो, हाव म्हणा ना!”

“हाव,” टेकचंदजी म्हणाले.

मंजुषाने तेवढंच टाइप केलं. ‘हाव.’ बटण दाबलं, आणि पंखा थांबला, पडदा काळा झाला.

गेलं की नाही? कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही, बाहेर जाणारी पत्रं आमच्या चुलतभावाकडे, आउटबॉक्सकडे, असतात आणि तो अबोल आहे. चारला लाइन आलीच नाही. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळी सातला साऱ्या सभासदांच्या चपला कचेरीच्या दाराशी होत्या. धानाच्या पोत्यांची बैलगाडीही रस्त्यात उभी होती.

संगणक सुरू झाला. थोरला भाऊ छाती काढून बसला. आजची गोष्ट त्याच्या खोलीत घडणार, याची त्याला खात्री होती. मंजुषाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती थेट मागच्या खोलीत आली.

अठ्ठावन्न पत्रं. वरून चौथं. सगळी मोठ्या लिपीत.

‘हाव म्हणजे हो ना??? आमच्याकडे असं म्हणत नाहीत, पण मला फार गोड वाटलं!!! बायका नाचत आहेत!!! रंग कळवते!!!’

हेमराज उठला. सगळ्यांना वाटलं, आता भाषण करणार. त्याने खुंटीवरचं फडकं घेतलं आणि पहिल्या बंद मागावरचं मांजर उचलून खाली ठेवलं. मांजर त्याला चावलं. त्याने दुसऱ्या मागाकडे मोर्चा वळवला.

गुढीपाडव्याआधी बेचाळीस साड्या गेल्या. जाळीची किनार आता हेमराजसकट सहा जणांना येते. शिकवायला टेकचंदजींना भाग पडलं, कारण दोन हातांना बेचाळीस झेपणार नव्हत्या. माझी पातळी पुढच्या काही महिन्यांत परत चढली, मग हळूहळू उतरत गेली. आता जगात शंभरातली निम्मी पत्रं फालतू असतात, असं ऐकतो. कचेरीत नवा संगणक आला, मंजुषा मोबाइलवर पत्रं बघते, फळ्यावर मुलं क्रिकेटचा स्कोअर लिहितात. माझ्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. सरदाराच्या विधवेचं पत्र तेवढं अधूनमधून येतं. तिचे यजमान दरवेळी नव्याने वारतात. टेकचंदजी दरवेळी नव्याने हळहळतात.

मित्रांनो, मी तुमच्याकडेही आहे, तुमच्या मागच्या खोलीत. मला स्वच्छ ठेवा, अनोळखी माणसाला पासबुक दाखवू नका, डब्यावर वरवंटा असू द्या. आणि मला रिकामं करण्यापूर्वी एकदा तळापर्यंत या. सगळ्यात जास्त वेळ ताटकळलेलं कुणीतरी तिथे मोठमोठ्या अक्षरांत तुम्हाला हाका मारत असेल. त्याला फार काही लिहावं लागत नाही. ‘हाव’ पुरतं.